पेशी जागा सोडते तेव्हा: कॅन्सरच्या फैलावाबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पुण्यातल्या एका प्रयोगशाळेत मी बरीच वर्षं पेशी वाढवल्या. आता कॉलेजांत आणि अधूनमधून ज्येष्ठ नागरिक संघांत या विषयावर बोलते. बोलणं संपलं की चिठ्ठ्या येतात, उरलेले प्रश्न रात्री व्हॉट्सॲपवर. निम्मे टीवायच्या मुलांचे, निम्मे घरातल्या कुणाची तरी फाइल मांडीवर घेऊन बसलेल्यांचे. दोन्ही मुद्दाम एकत्र ठेवलेत. उपचारांचं मात्र तुमच्या डॉक्टरांनाच विचारा. मी पेशींची आहे, पेशंटची नाही.

१. पेशी एकमेकींना ‘संकेत’ देतात म्हणजे नेमकं काय करतात?

एक पेशी एखादं छोटं प्रथिन बाहेर सोडते. दुसरीच्या पटलावर त्याच्या मापाचा रिसेप्टर असतो. प्रथिन तिथे बसलं की रिसेप्टरचा आतला भाग जागा होतो आणि आतल्या प्रथिनांवर फॉस्फेट चिकटू लागतात. पहिलं दुसऱ्याला उठवतं, दुसरं तिसऱ्याला, आणि शेवटचं केंद्रकात शिरून काही जनुकं चालू करतं, काही बंद. परीक्षेला हमखास येणारी साखळी म्हणजे ईजीएफ हा वाढ-घटक, त्याचा रिसेप्टर, मग रास, राफ, मेक आणि अर्क. पटलापासून अर्कपर्यंत निरोप काही मिनिटांत पोचतो. पेशीचं रूप बदलायला मात्र तास किंवा दिवस जातात. ईजीएफ शोधणारे स्टॅनली कोहेन आणि नसांचा वाढ-घटक शोधणाऱ्या रिटा लेव्ही-मोंताल्चिनी यांना १९८६ चं नोबेल मिळालं.

सगळेच निरोप तरंगत येत नाहीत. नॉच नावाच्या मार्गाला दोन पेशींचा प्रत्यक्ष स्पर्श लागतो. इंटेग्रिन ही प्रथिनं पायाखालची जमीन चाचपून सांगतात की आपण कशावर उभे आहोत, ती मऊ आहे की कडक. पेशीला निरोप ऐकणं जितकं गरजेचं, तितकंच तो वेळेत बंद करणंही. रिसेप्टर आत ओढून घेतला जातो, फॉस्फेट काढून टाकले जातात.

२. मग कॅन्सरमध्ये बिघडतं काय?

बटण चालू स्थितीत अडकतं. रासच्या जनुकात एका अक्षराचा बदल झाला तरी रास बंद होईनासं होतं आणि बाहेर ईजीएफ नसतानाही ‘विभाजन कर’ हा निरोप आत घुमत राहतो. काही स्तनाच्या कॅन्सरमध्ये हर-२ या रिसेप्टरची गर्दी होते. कधी पीटेन हा ब्रेकच निकामी होतो, मग ‘वाढ, जगत राहा’ हा निरोप नेणाऱ्या पीआय-३-कायनेझ आणि एकेटी या प्रथिनांची गाडी सुसाट सुटते. इतकं समजलं तर पुढचं सगळं समजेल.

३. गाठ वाढणं आणि पसरणं एकच ना?

नाही, आणि हा गोंधळ फार जणांचा असतो. मोठी गाठ जागची न हलता बसू शकते, तर बोराएवढी गाठ यकृतात पिल्लं टाकू शकते. पसरायचं तर पेशीला शेजारणीचा हात सोडावा लागतो, अस्तराखालचा पातळ तळाचा पडदा फोडावा लागतो, रक्तवाहिनीत शिरावं लागतं, तिथला रेटा आणि रोगप्रतिकारक पेशी यांतून वाचावं लागतं, परक्या ठिकाणी बाहेर पडून पुन्हा संसार मांडावा लागतो. यातल्या जवळपास प्रत्येक पायरीवर पेशी मरते. आयझाया फिडलर यांनी १९७० साली किरणोत्सारी खूण केलेल्या कॅन्सरपेशी उंदरांच्या रक्तात सोडल्या. दिवसभराने त्यांतल्या ०.१ टक्क्याहून कमी जिवंत होत्या आणि नव्या गाठी ०.०१ टक्क्याहून कमी पेशींनी केल्या.

जमिनीवरून उखडलेली निरोगी पेशी तर आपण होऊन मरते. इंटेग्रिनचा ‘तू जागेवर आहेस’ हा निरोप थांबला की तिचा मृत्यूचा कार्यक्रम सुरू होतो. या मरणाला १९९४ मध्ये नाव दिलं गेलं अनॉइकिस; मूळ ग्रीक शब्दात बेघरपणाचा अर्थ आहे. फैलावणाऱ्या पेशी ईजीएफ किंवा एकेटीचे मार्ग आतूनच चालू ठेवून बेघर असतानाही जगतात.

४. गाठीतली पेशी ‘चालायला’ कशी लागते? ईएमटी ईएमटी म्हणतात ते हेच का?

हेच, बहुतेक वेळा. ईएमटी म्हणजे एपिथेलियल-मेझेन्कायमल ट्रान्झिशन: शेजारणींना घट्ट धरून बसलेली अस्तरातली पेशी सैल, फिरती होते तो बदल. (‘बहुतेक’ का, ते प्रश्न ११ मध्ये.)

तोंड, स्तन, आतडं, फुप्फुस यांचं अस्तर अभिस्तर ऊतींचं असतं. पेठेतल्या जुन्या वाड्यातल्या खोल्यांसारख्या या पेशी भिंतीला भिंत लावून राहतात आणि प्रत्येकीला वर कुठे, खाली कुठे हे ठाऊक असतं. त्यांना बांधून ठेवतं ई-कॅडहेरिन. दोघींची ई-कॅडहेरिनं कॅल्शियमच्या साक्षीने एकमेकांत अडकतात आणि आतून बीटा-कॅटेनिनच्या मदतीने सांगाड्याला घट्ट बसतात.

आता बाहेरून टीजीएफ-बीटा या संकेत-प्रथिनाचा निरोप येतो. त्याचा रिसेप्टर स्मॅड-२ आणि स्मॅड-३ या आतल्या निरोप्या प्रथिनांना फॉस्फेट लावतो, ते स्मॅड-४ ला सोबत घेऊन केंद्रकात जातात आणि स्नेल, स्लग, ट्विस्ट, झेब यांसारखी नियंत्रक प्रथिनं वाढतात. स्नेल ई-कॅडहेरिनच्या जनुकावर बसून त्याचं उत्पादन बंद करतं, हे २००० साली स्पेनमधल्या दोन गटांनी दाखवलं. पेशीच्या सांगाड्यात केराटिन या प्रथिनाच्या जागी व्हायमेंटिन येतं. रॅक नावाचं प्रथिन पेशीची पुढची कड पंख्यासारखी पसरवतं, ऱ्हो मागची बाजू आखडून घेते, आणि पेशी सरकते.

मी हे पहिल्यांदा डिशमध्ये पाहिलं तो दिवस विसरत नाही. शुक्रवारी टीजीएफ-बीटा घातलं तेव्हा पेशी फरसबंदीसारख्या बसल्या होत्या. सोमवारी झाकण उघडलं तर सगळ्या चात्यांसारख्या लांबट, एकेकट्या, वाटेल त्या दिशेला तोंड केलेल्या. मला वाटलं दुसऱ्याच कुणाच्या पेशी मिसळल्या. चूक शोधण्यात अर्धा दिवस घालवला.

टीजीएफ-बीटा एकटं नसतं. जखमेतल्या किंवा गाठीभोवतीच्या पेशी एचजीएफ सोडतात, ते मेट या रिसेप्टरवर बसतं. वसाहतीतल्या पेशी त्याने विखुरतात म्हणून त्याचं एक जुनं नावच ‘विखुरणारा घटक’ असं होतं. व्हिंट नावाचा आणखी एक संकेत-मार्ग चालू झाला की बीटा-कॅटेनिन नष्ट होणं थांबतं आणि ते केंद्रकात जातं. काठावर चिकटवणारं प्रथिन केंद्रकात गेल्यावर जनुकं चालवतं. एका प्रथिनाच्या दोन नोकऱ्या लक्षात ठेवा, व्हायव्हाला विचारतात.

५. ही कला पेशीला कोण शिकवतं? पसरण्याचं वेगळं म्युटेशन असतं का?

शिकवावी लागत नाही, येत असतेच. गर्भात आपण सगळे या खेळातून गेलोय. मज्जारज्जूच्या कडेच्या पेशी अशाच सुटून लांब चालत जातात, आणि त्यांच्यापासून त्वचेचा रंग देणाऱ्या पेशी, चेहऱ्याची काही हाडं, आतड्यातल्या नसा बनतात. एलिझाबेथ हे यांनी हा बदल कोंबडीच्या गर्भात पाहून वर्णन केला, कॅन्सरमध्ये नव्हे. स्नेल आणि ट्विस्ट ही नावंही फळमाशीच्या गर्भाच्या अभ्यासातून आली. मोठेपणी हा कार्यक्रम कुलूपबंद असतो. कातडी कापली की कडेच्या पेशींत थोडा वेळ उघडतो आणि जखम भरली की मिटतो.

गाठ सुरू करणारी म्युटेशनं, म्हणजे जनुकांतले बदल, ओळखीची झाली आहेत, पण सगळ्या फैलावांत सापडेल असं ‘फैलावाचं म्युटेशन’ शोधूनही हाती लागलेलं नाही. मूळ गाठ आणि लांबची गाठ यांतले मुख्य बिघाड बहुधा सारखेच निघतात. बदललेली असते ती पेशीची अवस्था, म्हणजे कुठली जनुकं उघडी आणि कुठली मिटलेली, आणि ती संकेतांवर ठरते. म्हणूनच ती उलटही फिरते. लांब पोचलेल्या पेशी पुष्कळदा पुन्हा ई-कॅडहेरिन बनवून भिंतीला भिंत लावतात. यकृतातल्या तुकड्यात आतड्याच्या ग्रंथींसारखी नीटस रचना दिसते ती यामुळेच.

६. मॅडम, पुस्तकात एका पानावर टीजीएफ-बीटा कॅन्सर रोखतं, दुसऱ्या पानावर पसरवतं. छापण्यात चूक आहे का?

दोन्ही पानं बरोबर आहेत. निरोगी आणि सुरुवातीच्या गाठीतल्या अभिस्तर पेशीला टीजीएफ-बीटा सांगतं ‘विभाजन थांबव’. त्यासाठी पी-१५ आणि पी-२१ हे ब्रेक लागतात. गाठ पुढे सरकते तसे हे ब्रेक निकामी होतात, पण टीजीएफ-बीटा ऐकू येतच राहतं. आता त्याच निरोपाचा उरलेला अर्थ तेवढा शिल्लक असतो: सैल हो, सरक. शिवाय ते रोगप्रतिकारक टी-पेशींना गप्प करतं. स्वादुपिंडाच्या साधारण निम्म्या कॅन्सरमध्ये स्मॅड-४ च नाहीसं झालेलं असतं. निरोप एकच, ऐकणारी कोण, तिच्यात आत काय उरलंय, यावर परिणाम ठरतो. दहा मार्कांना येतो हा प्रश्न, आणि मुलं एकच बाजू लिहून पाचावर थांबतात.

७. तळाचा पडदा पेशी फोडते कशाने?

एमएमपी नावाच्या कात्र्यांनी, म्हणजे प्रथिनं कापणाऱ्या विकरांनी (एन्झाइम्सनी). एमएमपी-२ आणि एमएमपी-९ पडद्यातलं कोलॅजन कापतात. काही पेशी त्यासाठी खास पाय रोवतात आणि कात्र्या त्यांच्या टोकाशी गोळा करतात. पण सगळं काम कॅन्सरपेशी करत नाही. भोवतालचे तंतुजनक फायब्रोब्लास्ट कोलॅजन ओढून बोगदे पाडतात, पेशी मागून जातात. स्तनाच्या गाठीत मॅक्रोफेज ही रोगप्रतिकारक पेशी आणि कॅन्सरपेशी यांची देवाणघेवाण सापडली आहे: कॅन्सरपेशी सीएसएफ-१ हा संकेत सोडते, मॅक्रोफेज ईजीएफ सोडतो, आणि दोघं एकमेकांना खुणावत रक्तवाहिनीपर्यंत जातात.

एमएमपी अडवणारी औषधं नव्वदच्या दशकात मोठ्या उमेदीने चाचण्यांत उतरली आणि साफ पडली. सांधे दुखू लागले, फायदा दिसला नाही. काही एमएमपी उलट गाठीला आवर घालतात, हे नंतर कळलं.

८. स्तनाचा हाडात, आतड्याचा यकृतात. हे ठरलेलं का असतं?

थोडं रस्त्यावर, थोडं मुक्कामावर. इंग्लंडच्या स्टीफन पॅजेट यांनी १८८९ साली स्तनाच्या कॅन्सरने गेलेल्या ७३५ स्त्रियांच्या शवविच्छेदनाच्या नोंदी तपासल्या आणि म्हटलं की बी कुठेही पडेल, उगवेल तिला मानवणाऱ्या मातीतच. १९२८ साली जेम्स युइंग म्हणाले, माती वगैरे काही नाही, रक्ताची वाट जिकडे नेते तिकडे पेशी अडकतात. आतड्याचं रक्त यकृताकडेच जातं, तिथे युइंग बरोबर. पण मूत्रपिंडांतून भरपूर रक्त जाऊनही तिथे फैलाव त्या मानाने कमी दिसतो, तिथे पॅजेट.

मातीचा एक भाग संकेतांचा असतो. अस्थिमज्जा, फुप्फुस, यकृत सीएक्ससीएल-१२ हे संकेत-प्रथिन सोडतात आणि स्तनाच्या कॅन्सरपेशींवर त्याचा रिसेप्टर सीएक्ससीआर-४ असतो, हे २००१ मध्ये दिसलं. वास काढत जावं तसं.

हाडात पोचल्यावर जे होतं ते तर दुष्टचक्रच. कॅन्सरपेशी पीटीएचआरपी नावाचं प्रथिन सोडते. त्याने हाड बांधणाऱ्या पेशी रँकएल हे दुसरं संकेत-प्रथिन बनवतात. रँकएलमुळे हाड खाणाऱ्या पेशी वाढतात. हाड विरघळलं की त्यात साठवलेलं टीजीएफ-बीटा सुटतं, ते कॅन्सरपेशीला मिळतं आणि ती आणखी पीटीएचआरपी सोडते. आईला ‘हाडाचं इंजेक्शन’ का देतात असं एका मुलीने विचारलं होतं, त्याचं उत्तर इथे आहे: डेनोसुमॅब रँकएलला धरून ठेवतं, झोलेड्रोनिक ॲसिड हाड खाणाऱ्या पेशींना थोपवतं. प्रोस्टेटचा कॅन्सर मात्र हाडात गेला की बहुधा उलट करतो, वेडंवाकडं नवं हाड घालतो.

९. वडिलांच्या गालाचा कॅन्सर आहे. गळ्यात गाठ लागत नाही, तरी गळ्याच्या ग्रंथी काढायच्या म्हणतात. का?

हा प्रश्न तंबाखूच्या आपल्या मुलखात महिन्याला येतो. तोंडाच्या गाठी व्हीईजीएफ-सी हा वाढ-घटक सोडून नव्या लसीकावाहिन्यांना (लिम्फच्या नळ्यांना) फुटायला लावतात, आणि या वाहिन्यांचा पहिला थांबा म्हणजे मानेतल्या ग्रंथी. तिथे शे-दोनशे पेशी बसल्या तर ना बोटाला लागतील ना स्कॅनला. मुंबईच्या टाटा मेमोरियलमध्ये अनिल डिक्रूझ आणि सहकाऱ्यांनी हाच प्रश्न चाचणीत घातला: सुरुवातीच्या तोंडाच्या कॅन्सरमध्ये ग्रंथी आधीच काढायच्या की उगवल्यावर? २०१५ चा निकाल असा की आधी काढलेल्यांपैकी तीन वर्षांनी ८० टक्के हयात होते, वाट पाहिलेल्यांपैकी ६७.५ टक्के. तुमच्या वडिलांना ते लागू आहे का, हे गाठ किती खोल गेली आहे त्यावर सर्जन ठरवतील.

१०. सुई टोचली, चाकू लावला की कॅन्सर चवताळतो असं सगळे सांगतात. बायोप्सी करू का?

करा. सुईच्या वाटेवर पेशी सांडू शकतात, हे खोटं नाही. पण त्यातून नवी गाठ होणं दुर्मीळ आहे आणि नेमका प्रकार न कळता केलेले उपचार त्याहून कितीतरी महाग पडतात. अपवाद डॉक्टरांना माहीत असतात: वृषणाच्या गाठीत त्वचेतून सुई घालत नाहीत, हाड आणि स्नायूंच्या सार्कोमात सुईची वाट अशी आखतात की पुढे ऑपरेशनमध्ये ती कापून काढता यावी. ‘चवताळला’ असं वाटतं ते बहुधा आधीच पसरलेला आजार तपासणीत उघड झाल्यामुळे. गाठ तेलाने चोळत मात्र बसू नका.

जखमेचे संकेत पेशींना जागं करत असतील का, हा प्रश्न शास्त्रज्ञांनाही पडतो. टाटा मेमोरियलच्या पुढाकाराने भारतातल्या ११ केंद्रांत सुमारे १,६०० स्त्रियांवर एक साधी चाचणी झाली. स्तनाची गाठ काढण्याच्या काही मिनिटं आधी तिच्याभोवती लिग्नोकेन टोचायचं, तेच दात काढताना देतात ते. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निकालात पाच वर्षांनी हयात असणाऱ्यांचं प्रमाण ८६.४ वरून ९०.१ टक्क्यांवर गेलेलं दिसलं. लिग्नोकेन सोडियमच्या वाहिन्या बंद करतं आणि कॅन्सरपेशींच्या हालचालीत या वाहिन्यांचा हात असतो, अशी त्यामागची कल्पना. नेमकं तेच कारण होतं का, हे त्या चाचणीने सिद्ध केलेलं नाही.

११. ईएमटी झाल्याशिवाय फैलाव होतच नाही, बरोबर ना?

इथे मतभेद आहेत. २०१५ मध्ये उंदरांवरची दोन संशोधनं एकदमच आली: ईएमटी रोखली तरी फुप्फुसाकडे किंवा यकृताकडे फैलाव झालाच. मात्र केमोला दाद न देण्यात ईएमटीचा हात दिसला. त्यावर बरीच हाणामारी झाली. खुणा कुठल्या वापरल्या, स्नेल काढलं तरी झेब होतंच की, वगैरे.

मधला मार्ग मला पटतो. पेशी बहुधा पूर्ण बदलत नाहीत, अर्धवट बदलतात. तोंडाच्या आणि स्तनाच्या कॅन्सरमध्ये पुष्कळदा पेशी घोळक्याने सरकतात, हात न सोडता. दिंडी आठवा. पुढे पताका घेतलेले वाट काढतात, मागचे टाळ धरून त्यांच्या पावलावर. घोळक्याच्या टोकाच्या पेशी अर्ध्यामुर्ध्या सैल, मागच्या ई-कॅडहेरिनने बांधलेल्या. रक्तात सापडणारे असे झुपके एकट्या पेशीपेक्षा कितीतरी पटींनी जास्त गाठी करतात, हे २०१४ मध्ये उंदरांत मोजलं गेलं. २०१९ मध्ये तर असं दिसलं की उंदराच्या स्तनाच्या काही कॅन्सरमध्ये ई-कॅडहेरिन काढलं की पेशी जास्त घुसतात खऱ्या, पण जगत नाहीत आणि फैलाव घटतो. या अर्धवट अवस्थांची गणितं बंगळूरच्या आयआयएससीत मोहित कुमार जॉली यांचा गट मांडतो. गणित आवडणाऱ्यांनी जरूर वाचावं.

उलटा अपवादही ठेवा. स्तनाच्या लोब्युलर कॅन्सरमध्ये ई-कॅडहेरिन बहुधा म्युटेशननेच गेलेलं असतं. पेशी एकामागे एक रांगेत चालतात आणि तरीही बाकी बाबतीत अभिस्तर पेशीच राहतात. ई-कॅडहेरिन गेलं म्हणजे ईएमटी झाली, असं समीकरण लिहू नका.

१२. मावशी चौदा वर्षं ठणठणीत होती, मग पाठीच्या हाडात निघाला. इतकी वर्षं कुठे होता?

बहुधा तिथेच, झोपलेला. परक्या ठिकाणी पोचलेली पेशी पुष्कळदा विभाजन थांबवून बसते. अर्कचा आवाज खाली आणि पी-३८ या ताणाचा निरोप देणाऱ्या प्रथिनाचा वर, अशी तिची आतली स्थिती असते, आणि मज्जेतले काही संकेत तिला तशीच ठेवतात. केमो विभाजन करणाऱ्या पेशींना मारते. ही विभाजनच करत नाही. इस्ट्रोजेन रिसेप्टर असलेल्या स्तनाच्या कॅन्सरमध्ये असं विशेष घडतं. पाच वर्षं हॉर्मोनची गोळी घेतलेल्या ६२,९२३ स्त्रियांच्या नोंदी २०१७ मध्ये एकत्र पाहिल्या, तेव्हा पाचव्यापासून विसाव्या वर्षापर्यंत आजार परतणं संथपणे पण चालूच होतं. मावशीने काही खाल्लं किंवा पथ्य मोडलं म्हणून नव्हे. हे तिलाही सांगा.

१३. मार्ग माहीत आहेत तर ते बंद करणाऱ्या गोळीने काम का भागत नाही?

कधी भागतं. हर-२ अडवणारं ट्रास्टुझुमॅब १९९८ पासून आहे आणि त्याने खूप जणींचं आयुष्य बदललं. पण हे रस्ते लक्ष्मी रोडसारखे आहेत. एक बंद केला की गाड्या गल्लीबोळांतून निघतात. उत्तम उदाहरण बीराफचं, म्हणजे राफच्याच एका प्रकाराचं. त्याच एका म्युटेशनवर मेलॅनोमात, म्हणजे त्वचेच्या रंगपेशींच्या कॅन्सरमध्ये, बीराफ अडवणारं वेमुराफेनिब गाठी वितळवतं, मोठ्या आतड्याच्या कॅन्सरमध्ये जवळपास काहीच करत नाही. कारण २०१२ मध्ये कळलं: बीराफ बंद झाल्यावर आतड्याच्या पेशीत ईजीएफचा रिसेप्टर चेकाळतो आणि निरोप दुसऱ्या वाटेने पुढे जातो. मेलॅनोमाच्या पेशींवर तो रिसेप्टर फारसा नसतोच. म्हणून आतड्यासाठी आता दोन्ही एकदम अडवतात.

१४. हळद एनएफ-कप्पा-बी बंद करते असं वाचलं. कॅप्सूल चालू करू?

एनएफ-कप्पा-बी म्हणजे दाहाची जनुकं चालू करणारं प्रथिन. डिशमध्ये हळद ते बंद करते. पण डिशमध्ये आपण हळदीतलं जेवढं कर्क्युमिन ओततो, तेवढं तोंडाने घेऊन रक्तात पोचत नाही. ते नीट शोषलं जात नाही आणि चटकन मोडतं. आमटीतली हळद राहू द्या. कॅप्सूल मात्र केमो चालू असताना डॉक्टरांना न सांगता घेऊ नका.

१५. कॉलेजच्या प्रोजेक्टला यातलं काय करता येईल? पुण्यात कुठे विचारू?

विद्यापीठाच्या आवारातल्या एनसीसीएसमध्ये (राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्रात) पेशींचं भांडार आहे. देशभरातल्या प्रयोगशाळा तिथून पेशी मागवतात. पाषाणला आयसर ही विज्ञान शिक्षण आणि संशोधन संस्था आहे. दोन्हीकडे विज्ञान दिनाच्या आसपास चौकशी करा.

सोपा प्रयोग म्हणजे ओरखडा. डिशभर वाढलेल्या पेशींवर पिपेटच्या टोकाने सरळ रेघ ओढायची, फोटो काढायचा, २४ तासांनी पुन्हा काढायचा. रेघ भरली की मुलं लिहितात ‘पेशी चालल्या’. परीक्षक विचारतील, चालल्या कशावरून, नुसत्या वाढल्या नसतील? म्हणून पेशींना वाढवणारं सीरम कमी ठेवा किंवा मायटोमायसिन या औषधाने विभाजन थांबवून दुसरी डिश सोबत लावा. मायटोमायसिन विषारी आहे, हातमोजे घाला आणि ते टाकायची बाटली वेगळी ठेवा.